मत्स्यऋण

आपल्या शास्त्रकारांनी माणसाच्या डोक्यावर जन्मतःच तीन ऋणे ठेवली आहेत : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. मत्स्यऋण त्यांत नाही. शास्त्रकार मासे खात नसावेत, किंवा खात असल्यास वाच्यता करीत नसावेत. हे चौथे ऋण मान्य केले ते जपानी माणसाने. जेवायला बसला की तो हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतो. म्हणजे, 'मी हे नम्रपणे स्वीकारतो.' कोणाकडून? रांधणाऱ्याकडून, आणि पुष्कळ जपानी सांगतात, ताटातल्या जिवाकडूनही. आपणही पहिल्या घासाआधी श्लोक म्हणतो, पण तो देवासाठी. ताटातल्या बांगड्याला उद्देशून आपण काही म्हणत नाही. म्हटलेच तर, "काटे फार आहेत हो!"

टोकियोच्या त्सुकिजी भागात नामियोके इनारी नावाचे देऊळ आहे. त्याच्या आवारात कोळंबीसाठी स्मृतिशिला आहे, माशांसाठी आहे, आणि चक्क अंड्यासाठीही आहे. आपण आजवर रिचवलेल्या आम्लेटांसाठी दगड उभारायचे म्हटले, तर एकट्या आमच्या आळीला सह्याद्री पुरायचा नाही.

आता खरा प्रश्न. आभार मानले की मारल्याचे पाप फिटते का? आमच्या सौ.चे मत सडेतोड आहे : "आधी मारायचं आणि वर थँक्यू म्हणायचं! त्या माशाला विचारलंत का कुणी?" सौ. स्वतः सुरमईचा मधला तुकडा दुसऱ्याच्या पानात जाऊ देत नाही, हा भाग वेगळा. त्याने प्रश्न खोटा ठरत नाही.

मला वाटते, या प्रश्नाचे जपानी उत्तर तोंडात नाही, शेगडीवर आहे. 'साइक्योयाकी' नावाचा भाजलेला मासा घ्या. साइक्यो म्हणजे पश्चिमेची राजधानी, अर्थात क्योतो. हे शहर समुद्रापासून दूर. वाकासाच्या उपसागरातले मासे मीठ लावून, डोंगर ओलांडून तिथे पोचत. बांगड्याच्या जातभाईच्या नावाने ती वाट आजही 'साबा काइदो' म्हणून ओळखली जाते. इतक्या लांबून आलेला मासा फुकट घालवायची कुणाची छाती! तुकड्यांना मीठ लावायचे, सुटलेले पाणी टिपायचे. मग सोयाबीन आणि तांदूळ आंबवून केलेला गोडसर पांढरा मिसो मिरिन आणि साकेने सैल करून त्यात ते दोन-तीन दिवस मुरवायचे. आणि भाजायच्या आधी तो सगळा लेप पुसून टाकायचा! मसाला पुसून मासा भाजा, असे एखाद्या मालवणी माणसाला सांगून पाहा. पण इथे पुसावाच लागतो, कारण लेपातली साखर माशाच्या आधी करपते. शिवाय आच मंद हवी, आणि नजर हलता कामा नये.

ज्याच्यासाठी तीन दिवस थांबलो, तो मासा माणूस अर्धा टाकून उठत नाही. माझ्या मते 'इतादाकिमास'चा अर्थ एवढाच : मारला आहेस ना, मग निदान वाया घालवू नकोस. पाप त्याने फिटत नाही, पण वाढत तरी नाही.

इथवर मी स्वतःवर खूष होतो. पण वाम आडवी आली.

वाम चिरून, काड्यांना टोचून, सोया सॉस आणि मिरिनच्या गोड रसात बुडवून भाजतात. टोकियोत ती पाठीकडून चिरतात. पोट फाडले तर हाराकिरीची आठवण येते, आणि सामुरायांच्या शहरात ते अशुभ, असे म्हणतात. भावना जपल्या त्या खाणाऱ्याच्या. वामेची पाठ काय आणि पोट काय! उन्हाळ्यात ठरावीक दिवशी वाम खायची प्रथा आहे. अठराव्या शतकात हिरागा गेन्नाई नावाच्या विद्वानाने एका मंदीतल्या दुकानदाराला पाटी लावायला सांगितले आणि ती पडली, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या हात जोडून, एक तुकडा वाया न घालवता लोकांनी वाम खाल्ली. आणि 2014 साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जपानी वामेचे नाव धोक्यातल्या जातींच्या यादीत घातले. तळ्यात वाढवलेली वामही बहुतेक समुद्रातून धरून आणलेल्या पिल्लांचीच असते.

म्हणजे नम्रपणे खाऊनही संपवता येते. पानावरचे सगळे संपवणे हा एक सद्गुण. पानच नको म्हणणे हा दुसरा, आणि जास्त अवघड.

त्यातल्या त्यात आपण बरे, असे म्हणायचा मोह होतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात, आणि आमच्यासारखे श्रावण पाळतात. ऋणाचा हप्ता कसा वेळेवर!

"आणि श्रावणाच्या आदल्या दिवशी गटारीला जे हाणता, ते काय?" सौ. म्हणाली.

ती आगाऊ उचल.