भाषापरीक्षा: लक्षण आणि न्याय

लहान मूल भाषा शिकते तेव्हा त्याचे अज्ञान कोणाला खटकत नाही; त्याचे बोबडे बोल कौतुकाचा विषय होतात. प्रौढ माणूस परकी भाषा शिकू लागतो तेव्हा हे कौतुक त्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्यापाशी एक संपूर्ण भाषा आधीच असते. त्या भाषेत त्याने संसार केलेला असतो, व्यवसाय संपादन केलेला असतो, तंटे मिटवलेले असतात. नव्या भाषेत मात्र विचार प्रौढाचे आणि वाक्ये शिशुवर्गातली, अशी त्याची अवस्था होते. अशा माणसाच्या इंग्रजीचे मापन करणे हे वरकरणी तांत्रिक काम वाटते. परंतु त्या मापनावर विद्यापीठातील प्रवेश, परदेशातील नोकरी, क्वचित नागरिकत्वही अवलंबून असते. १९६४ मध्ये सुरू झालेली टोफेल किंवा १९८९ पासून रूढ झालेली आयेल्ट्स यांसारख्या परीक्षांच्या गुणपत्रकावरील आकडा म्हणजे एका माणसाच्या पुढील आयुष्याविषयी दुसऱ्याने दिलेला निर्णय असतो. निर्णय म्हटला की तो न्याय्य आहे काय, हा प्रश्न अटळ ठरतो.

‘परीक्षा’ हा शब्द ‘परि’ आणि ‘ईक्ष्’ यांपासून झाला आहे. सर्व बाजूंनी पाहणे, हा त्याचा मूळ आशय. न्यायदर्शनाचा भाष्यकार वात्स्यायन शास्त्राची प्रवृत्ती त्रिविध मानतो: उद्देश, लक्षण आणि परीक्षा. प्रथम वस्तूचे नाव घ्यावयाचे, नंतर तिचा व्यवच्छेदक धर्म सांगावयाचा आणि मग ते लक्षण त्या वस्तूला खरोखर लागू पडते की नाही, हे प्रमाणांनी तपासावयाचे. ह्या क्रमात परीक्षा होते ती वस्तूची नव्हे, तर लक्षणाची. आधुनिक व्यवहाराने हा क्रम उलटा केला आहे. तेथे लक्षण गृहीत धरले जाते आणि परीक्षा द्यावी लागते ती माणसाला.

लक्षणाचे तीन दोष नैयायिकांनी सांगितले आहेत आणि ते समजावण्यासाठी गाईचे उदाहरण रूढ आहे. गाय म्हणजे कपिल वर्णाचा प्राणी, असे म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असणारा प्राणी, असे म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकच सलग खूर असणारा प्राणी, असे म्हटले तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. भाषाज्ञानाच्या परीक्षांचा इतिहास ह्या तीन दोषांच्या प्रकाशात पाहिला, म्हणजे त्यांतील नैतिक प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

असंभवाचे उदाहरण सर्वांत उघड आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्याचा रोख प्रामुख्याने भारतीयांवर होता. परंतु कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. येणाऱ्या माणसाला एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, एवढीच अट होती. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये हीच युक्ती उचलली आणि युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांच्या श्रुतलेखनाची कसोटी ठेवली. भाषा कोणती, हे अधिकाऱ्याने ठरवावयाचे होते. १९३४ मध्ये एगॉन एर्विन किश हा अनेक भाषा जाणणारा पत्रकार युद्धविरोधी परिषदेसाठी तेथे गेला, तेव्हा त्याला स्कॉटिश गेलिक भाषेत श्रुतलेखन करण्यास सांगण्यात आले. गेलिक ही कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा नव्हे, असे तेथील उच्च न्यायालयाने ठरविले, म्हणून तो सुटला. ही कसोटी १९५८ च्या कायद्याने संपली. येथे भाषा मोजलीच जात नव्हती. ज्याला आत घ्यावयाचे नाही त्याच्या पुरते जे लक्षण असंभव, तेच निवडण्याची सोय म्हणजे ही परीक्षा. तिच्यातील अन्याय दुप्पट होता: नकार तर होताच; पण त्या नकाराचे खापर नाकारलेल्याच्या कथित अज्ञानावर फोडले जात होते.

ह्या इतिहासावरून सर्व भाषापरीक्षा म्हणजे सत्तेचे कपट, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो टिकणारा नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते. आणि नियंत्रण कक्षाच्या सूचनेचा अर्थ नीट न लागण्यामागे वैमानिकाचे अपुरे इंग्रजी हे संभाव्य कारण मानले गेले. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने भाषाज्ञानाच्या सहा पातळ्या ठरविल्या आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी चौथी पातळी आवश्यक मानली. २००८ पासून ही अट लागू झाली. येथे भाषा मोजणे हा आकाशातील अनोळखी प्रवाशांप्रती पाळलेला धर्म आहे. अशा ठिकाणी मापन टाळणे हाच अन्याय ठरला असता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की उच्चार इंग्रजांसारखा असावा, असे ह्या पातळ्या मागत नाहीत. तो त्या व्यवसायातील लोकांना समजावा, एवढेच मागतात. प्रयोजन स्पष्ट असले, म्हणजे लक्षण आपोआप आटोपशीर होते.

कपट आणि संकट ही दोन टोके सोडली, तर मधला विस्तीर्ण प्रदेश सद्हेतूने घेतल्या जाणाऱ्या परीक्षांचा आहे, आणि खरा नैतिक पेच तेथेच आहे. केरळातील अनेक परिचारिका ब्रिटनमध्ये काम करू इच्छितात. तेथील नियामक परिषद त्यांच्याकडून आयेल्ट्सच्या विद्यापीठीय शाखेत, लेखनासह चारही विभागांत, ७ श्रेणीची अपेक्षा करीत असे. लेखनाच्या विभागात तासाभरात एखाद्या आलेखाचे वर्णन आणि सर्वसाधारण विषयावर किमान २५० शब्दांचा निबंध लिहावयाचा असतो. रात्रपाळीत वेदनेने तळमळणाऱ्या वृद्धाला दोन शब्दांत धीर देणे, डॉक्टरांना नेमकी स्थिती सांगणे, औषधाची नोंद बिनचूक करणे, ह्या ज्या गोष्टींसाठी परिचारिकेला भाषा हवी, त्या निबंधाच्या जाळ्यातून निसटतात. ही अव्याप्ती. उलटपक्षी शिकवणीवर्गात पाठ केलेल्या साचेबंद परिच्छेदांच्या बळावर ज्याला श्रेणी मिळते, त्याला भाषा येतेच असे नाही. ही अतिव्याप्ती. अमेरिकन मानसमापनशास्त्रज्ञ सॅम्युएल मेसिक याने १९८९ मध्ये परीक्षेच्या प्रामाण्याला असणारे जे दोन मुख्य धोके सांगितले, ते थोड्याफार फरकाने हेच आहेत: मोजावयाचे ते अपुरे मोजले जाणे, आणि मोजावयाचे नाही ते मोजमापात शिरणे. परीक्षेच्या सामाजिक परिणामांचा विचारही तिच्या प्रामाण्याच्या विचारातच येतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

त्या परिषदेने २०१७ मध्ये आरोग्यव्यवसायाशी निगडित असलेली, रुग्णाच्या नोंदींवरून पत्र लिहावयास लावणारी परीक्षा पर्याय म्हणून स्वीकारली. आणि २०१८ मध्ये आयेल्ट्सच्या लेखनाची अट ६.५ वर आणली. दोन्ही निर्णय शहाणपणाचे होते. परंतु आदल्या दिवशी अपात्र ठरलेली परिचारिका दुसऱ्या दिवशी पात्र ठरली, तेव्हा तिच्या इंग्रजीत काय बदलले होते? काहीच नाही, बदलली ती रेषा. मापन हे निसर्गातील वस्तुस्थितीसारखे भासते. पण उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांमधील रेषा माणसांनी आखलेली असते. जी आखली जाते तिचे उत्तरदायित्वही आखणाऱ्यावर असते. आकडा पुढे करून ते टाळता येत नाही.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. परीक्षा सदोष असेल, परंतु ती नसेल तर काय? निर्णय तर व्हावयाचाच. मग तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर, उमेदवाराच्या आडनावावर, वर्णावर, बोलण्याच्या धाटणीवर होईल. लहानशा गावातून आलेल्या निराधार माणसाला त्याची ओळखपाळख न विचारता तोलणारा तराजू त्यातल्या त्यात परीक्षेपाशीच आहे. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच प्रश्न परीक्षा असावी की नसावी, हा नसून परीक्षा घेण्याचा अधिकार कशाने सिद्ध होतो, हा आहे. हा अधिकार केवळ भाषेवरील प्रभुत्वातून मिळत नाही. ज्या कामासाठी भाषा हवी त्याच कामाची भाषा तपासणे, प्रत्येक मापनात त्रुटी असते हे जाणून अर्ध्या श्रेणीच्या फरकाला विधिलिखित न मानणे आणि लक्षण चुकल्याचे दिसताच ते बदलणे, ह्या गोष्टींनी तो सिद्ध होतो.

आणखी एक गोष्ट ह्या परीक्षांच्या दृष्टीआड राहते. संवाद दोघांचा असतो. बोलणाऱ्याचे वाक्य अडखळले, तर ऐकणाऱ्याने थोडे थांबावे, पुन्हा विचारावे, आपले बोलणे सोपे करावे, हा जगातील सर्व भाषांचा अलिखित नियम आहे. परीक्षेत मात्र संवाद फसल्याचा सारा भार परक्यावर पडतो. ज्याची ती मातृभाषा आहे, त्याच्या ऐकण्याची परीक्षा सहसा कोणी घेत नाही. परक्याचे बोलणे समजून घेण्याची शक्ती हाही भाषाज्ञानाचाच भाग असेल, तर भाषेच्या मालकांपैकी अनेकांना पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणे अवघड जाईल.

प्रौढ विद्यार्थ्याला दिलेली श्रेणी ‘तुला किती येते’ एवढेच सांगू शकते. ‘तू किती आहेस’ हे सांगण्याचा अधिकार तिला नाही. ही मर्यादा पाळणारी परीक्षा कठोर असली, तरी न्याय्य असते. ती ओलांडणारी परीक्षा कितीही सुलभ असली, तरी समोरच्या माणसाला त्याच्या अर्धवट वाक्यांएवढाच लहान मानते.