उंबरठ्यापुरता अधिकार

पावसाळा सरत आला आणि हलके धान कापणीला आले, की भंडारा जिल्ह्यातील गावांत रातकिड्यांचे दिवस सुरू होतात. बांधीतले उभे पीक जाते, पाणी आटते, रात्री गार होऊ लागतात. आडोसा शोधत निघालेले हे जीव दारावरच्या पांढऱ्या दिव्याकडे ओढले जातात आणि दाराखालच्या फटीतून, मोरीतून, कवेलूंच्या सांध्यांतून घरात शिरतात. मग चुलीमागे, ट्रंकेखाली, धानाच्या कोठीआड त्यांची किरकिर रात्रभर चालते. घरात आजारी माणूस असेल, तान्हे मूल असेल किंवा दिवसभर वाकून कापणी केलेली माउली असेल, तर ही तक्रार क्षुल्लक म्हणता येणार नाही. कष्टकऱ्याला झोपेवाचून दुसरी विश्रांती कोणती? तेव्हा रातकिड्यांना घराबाहेर ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो या अधिकाराची सीमा कोठे संपते हा.

प्रथम ज्याच्याविरुद्ध आपली तक्रार आहे, त्याची ओळख करून घेऊ. गातो तो केवळ नर. पुढचे दोन पंख एकमेकांवर घासून तो मादीला साद घालतो, आणि ती साद ऐकणारे मादीचे कान तिच्या पुढच्या पायांवर असतात. आपल्या कानांना जी कटकट वाटते, ती त्याच्या संसाराची सुरुवात असते. तो कुजका पालापाचोळा, बी-बियाणे आणि लहानसहान किडे खातो. घरात राहिला तर खळ दिलेले कापड आणि कागद कुरतडतो, हेही खरे. परंतु धानाच्या पात्यांवर राहणाऱ्या त्याच्या काही लहान भाईबंदांचे शेतकऱ्यावर उपकार आहेत. पाने गुंडाळणाऱ्या अळीची आणि खोडकिडीची अंडी ते फस्त करतात. शिवाय बेडूक, पाल, पिंगळा, नीळपंख, कोतवाल या सर्वांच्या ताटात रातकिडा असतो. तो एकटा जगत नाही आणि एकटा मरतही नाही.

हे शेवटचे वाक्य आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. घरे आशीर्वादित करण्यासाठी गावोगाव फिरताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. शेतात फवारून उरलेल्या कीटकनाशकाची बाटली घराच्या वळचणीला खोचलेली असते, आणि त्यातलेच दोन झाकण औषध पाण्यात कालवून भिंतीच्या कडेने, मोरीत, तणसाच्या ढिगावर शिंपडले जाते. त्या रात्री रातकिडे गप्प होतात. पण विषाचे काम तेथे संपत नाही. लडखडणारा किडा पाल गिळते, सकाळी कोंबडी टिपते, अंगणातला बेडूक पकडतो. मोरीचे पाणी वाडीत जाते. त्याच जमिनीवर नातू रांगतो आणि रांगता रांगता बोटे तोंडात घालतो.

ही भीती अतिशयोक्त नाही. २००० साली राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानाच्या परिसरात मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची बाधा होऊन सारस पक्षी मेले. सारसांशी कोणाचेही वैर नव्हते. तोच सारस आज महाराष्ट्रात प्रामुख्याने गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतील तलाव व धानाच्या बांध्या यांच्या आश्रयाने, अगदी मोजक्या संख्येने तग धरून आहे. आणि २०१७ साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यांच्या पाठीवरच्या पंपातले द्रव्य किडीसाठी होते. विषाला पत्ता लिहिता येत नाही.

नीतिशास्त्रात एक जुने तत्त्व आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना त्याचा पाया घातला. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात. एक आपल्याला हवा असलेला, दुसरा नको असलेला. नको असलेला परिणाम अटळ असेल, तर तो सोसण्यास पुरेसे गंभीर कारण हवे, आणि योजलेले बळ गरजेपेक्षा अधिक नसावे. हे तत्त्व माणसांच्या जीवनमरणाच्या संदर्भात सांगितले गेले आहे. किड्याचा जीव आणि माणसाचा जीव ख्रिस्तसभा एका तराजूत तोलत नाही. तथापि प्रमाणाची जी दृष्टी त्यात आहे, ती येथेही उपयोगी पडते. जे काम दाराखाली लावलेल्या गोणपाटाच्या पट्टीने होते, त्यासाठी विष वापरणे म्हणजे डासासाठी घर पेटवणे होय. १९९२ साली प्रकाशित झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीतही हेच सूत्र आहे. प्राण्यांवर माणसाला दिलेली सत्ता निरंकुश नाही, आणि त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेची मशागत आणि राखण, अशी दोन कामे एकाच श्वासात सोपवलेली आहेत. राखणदाराला कुंपण घालता येते. विहिरीत विष कालवता येत नाही.

मग कुंपण कसे घालावे? दारावरचा पांढरा दिवा काढून पिवळसर उजेडाचा लावावा आणि काम नसेल तेव्हा तो मालवावा. अशा उजेडाकडे किडे कमी येतात. दाराखाली रबराची वा गोणपाटाची पट्टी, खिडकीला आणि मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. भिंतीच्या भेगा चुन्याने किंवा मातीने बुजवाव्यात. तणस आणि सरपण भिंतीला टेकवून न ठेवता चार हात दूर रचावे. गळका रांजण, ओले पोते घरात राहू देऊ नये. रातकिड्याला ओल प्रिय आहे. इतके करूनही जो आत येईल, त्याच्यासाठी कोपऱ्यात एक उभट, गुळगुळीत बरणी ठेवावी आणि तिच्या तळाशी चिमूटभर कोंडा टाकावा. बाहेरून टेकवलेल्या काडीवरून तो चढतो, आत पडतो, आणि सकाळी त्याला वाडीत सोडता येते. बाजारात मिळणारे चिकट पुठ्ठे मात्र टाळावेत. त्यांवर पाली आणि उंदरांची पिल्लेही चिकटतात आणि तडफडून मरतात. घरातल्या पालीला मारू नये. पगार न घेता रात्रपाळी करणारी ती आपली चाकर आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘फादर, हे पक्क्या घरातल्यांना शक्य आहे. आमचे छप्पर कवेलूंचे, भिंती मातीच्या. किती फटी बुजवणार?’ आक्षेप योग्य आहे. अशा घरात सगळी किरकिर थांबणार नाही. आजाऱ्याच्या आणि लेकरांच्या अंथरुणावर मच्छरदाणी बांधावी, दिवा लवकर मालवावा, आणि उरलेला आवाज सोसावा. सोसण्याचा हा उपदेश दुसऱ्याला करणे सोपे असते, हे मी जाणतो. परंतु विषाची किंमतही त्याच घराला सर्वांत आधी मोजावी लागते. कारण तेथे धान्य, पाणी, कोंबडी आणि मूल एकाच जमिनीवर असतात.

असिसीच्या संत फ्रान्सिसचे चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी एक कथा नोंदवली आहे. पोर्सियुंकुला येथील मठाजवळ अंजिराच्या झाडावर एक सिकाडा गात असे. रातकिड्याच्या वंशाचा नसला, तरी तोही गाणारा कीटक. संताने त्याला हातावर बोलावले, गायला सांगितले, आणि आठ दिवसांनी निरोप दिला. ज्याचे गाणे त्याला प्रिय होते, त्यालाही अखेर त्याने जाऊ दिले. आपल्याला रातकिड्याचे गाणे प्रिय नसेल. तशी सक्तीही नाही. त्याला घराबाहेर पाठवण्यात निर्दयता नाही. उंबरठ्याच्या आत आपली झोप, उंबरठ्याबाहेर त्याची साद, एवढी वाटणी आपल्याला मान्य असली म्हणजे पुरे.