भूतकाळ मोजायचा कुठून?

इंग्रजीतले 'अगो' आणि 'बिफोर' हे दोन्ही शब्द मराठीत 'पूर्वी' या एका शब्दात मावतात. त्यामुळे मराठी माध्यमात शिकलेली मुले, मग ती वऱ्हाडातल्या नांदुऱ्याची असोत की मिरजेची, 'दोन वर्षांपूर्वी'चे इंग्रजी 'बिफोर टू इयर्स' असे करतात. शिक्षक चूक दुरुस्त करतात, पण ती पुन्हा होते. कारण हा पाठांतराचा दोष नसून मोजणीचा फरक आहे. मागचा काळ सांगताना तो कोणत्या बिंदूपासून मोजला, हे इंग्रजीला शब्दातच सांगावे लागते. मराठी ते बहुधा संदर्भावर सोडून देते.

'अगो'ची मोजणी नेहमी बोलण्याच्या क्षणापासून होते. नांदुऱ्यात महामार्गालगतची 105 फुटी हनुमानमूर्ती 1999 साली उभी राहिली. ही गोष्ट 2009 साली सांगणारा 'टेन इयर्स अगो' म्हणेल, 2019 साली सांगणारा 'ट्वेंटी इयर्स अगो'. घटना तीच, आकडा मात्र बोलणाऱ्याबरोबर सरकतो. 'बिफोर'चे तसे नाही. गजानन महाराज 1878 साली शेगावात प्रकट झाले आणि 1910 साली त्यांनी समाधी घेतली. म्हणजे समाधीच्या 32 वर्षे आधी ते शेगावात आले. हा आकडा कोणी कधीही सांगितला तरी 32च राहतो, कारण तो दोन घटनांमधला आहे. इथे इंग्रजीत 'बिफोर' किंवा 'अर्लियर' चालते, 'अगो' चालत नाही. मराठीत मात्र 'वीस वर्षांपूर्वी मूर्ती उभी राहिली' आणि 'समाधीपूर्वी 32 वर्षे' या दोन्ही ठिकाणी 'पूर्वी' निर्धास्तपणे बसते.

या शब्दांच्या मुळाशी काळाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जुन्या इंग्रजीत 'अगो'चा अर्थ 'निघून गेलेले' असा होता. मराठीत 'गेल्या वर्षी' म्हणतात तेव्हा हीच कल्पना असते. पेशवाईतल्या हिशेबी कागदांत 'साल गुदस्त' येते आणि खेड्यांत 'गुदस्ता' अजून ऐकू येते. तो फारसी शब्दही 'सरलेले' हेच सांगतो. तीन वेगळ्या भाषांनी काळाला उभ्या माणसाजवळून पुढे निघून जायला लावले. 'बिफोर' आणि 'पूर्व' या शब्दांत मात्र 'समोरचे, पुढचे' असा अर्थ आहे. रांगेत जो पुढे उभा, तो आधी पोहोचला. घटनांच्या रांगेतही आधीची घटना पुढे असते. उलट 'मागे एकदा', 'मागल्या साली' म्हणणारा माणूस स्वतःला मध्ये ठेवतो आणि घडून गेलेले पाठीशी टाकतो. भारतीय इंग्रजीत सर्रास ऐकू येणारे 'टू इयर्स बॅक' याच वळणाचे आहे.

जवळच्या दिवसांसाठी मराठीकडे नेमके शब्द आहेत. 'काल' म्हणजे आदला दिवस आणि तेवढाच. हिंदीतल्या 'कल'सारखा तो उद्याला लागू होत नाही. 'परवा' मात्र दोन्हीकडे जातो आणि क्रियापदच दिशा ठरवते: 'परवा आला', 'परवा येईल'. शिवाय 'परवाच भेटला होता' यात दिवस मोजलेलेच नसतात. तो आठवड्यापूर्वीही भेटलेला असू शकतो. इंग्रजीतल्या 'द अदर डे'ला याहून चांगला मराठी शब्द सापडणार नाही. 'काल रात्री'साठी प्रमाण इंग्रजीत 'लास्ट नाइट' म्हणतात, पण 'काल सकाळी'साठी 'यस्टर्डे मॉर्निंग'. हा भेद नियमाने समजावता येत नाही, वापरूनच अंगवळणी पडतो.

एकदा घडून गेलेले सांगणे वेगळे आणि पूर्वी नेहमी घडत असलेले सांगणे वेगळे. दुसऱ्यासाठी इंग्रजीला 'यूज्ड टू' लागते, किंवा संदर्भ आधी दिलेला असेल तर 'वूड'. मराठीत हे काम क्रियापदाचे एकच रूप करते: 'आजोबा पहाटे उठत', 'आई ओव्या म्हणे'. शाळेच्या व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. शहरी बोलण्यात हे रूप मागे पडले आणि 'उठायचे', 'म्हणायची' आले. वऱ्हाडीत ते अजून रोजच्या वापरात आहे. 'पयले नदीले लय पानी राहे' असे नांदुऱ्याकडचा शेतकरी म्हणतो, तेव्हा 'राहे' या दोन अक्षरांत 'देअर यूज्ड टू बी' सगळे येते. आता तसे पाणी नाही, हेही ऐकणाऱ्याला कळते.

खरी अडचण येते ती काळांच्या रूपांत. 'मी काल मलकापूरला गेलो होतो' हे मराठीत स्वाभाविक वाक्य आहे. यातले 'होतो' फक्त एवढेच सांगते की जाणे झाले आणि माणूस परतही आला. त्याचे शब्दशः 'आय हॅड गॉन यस्टर्डे' केले की इंग्रजी वाचक थांबतो: कशाच्या आधी? इंग्रजीत 'हॅड' वापरायचे तर भूतकाळात आणखी एक टप्पा लागतो: स्टेशनवर पोहोचण्याआधी गाडी सुटली होती. नुसत्या कालच्या जाण्याला 'वेंट' पुरते. असेच 'पासून'चे. 'दहा वर्षांपासून नांदुऱ्यात राहतो' यात मराठी वर्तमानकाळ वापरते, कारण राहणे चालू आहे. इंग्रजी तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' मागते. शिवाय कालावधी असेल तर 'फॉर', आरंभबिंदू असेल तर 'सिन्स' अशी फोड करते: 'फॉर टेन इयर्स', पण 'सिन्स 1999'. 'सिन्स टेन इयर्स' ही चूक 'पासून'मधूनच जन्मते.

शेवटचा गट पदे आणि नावे यांचा. पद गेले पण माणूस हयात असेल तर 'माजी', इंग्रजीत 'फॉर्मर' किंवा 'एक्स'. माणूसच गेला तर 'कै.', इंग्रजीत 'लेट'. घटनेच्या वेळी जो पदावर होता तो 'तत्कालीन', इंग्रजीत नावाआधी 'देन'. बातमीत 'माजी'च्या जागी 'तत्कालीन' पडले तर अर्थ बदलतो, कारण पहिला शब्द आजपासून मोजतो आणि दुसरा घटनेपासून. स्थळांनाही हेच लागू आहे. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभारात गेले, 1903 साली मध्य प्रांताला जोडले गेले, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात राहिले, 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आले. म्हणून नांदुरा 'पूर्वी मध्य प्रदेशात होते' हे खरे आणि 'पूर्वी निजामाच्या राज्यात होते' हेही खरे. गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 पूर्वीचा क्रमांक 6 आहे. अशा ठिकाणी नुसत्या 'पूर्वी'ने, किंवा 'फॉर्मरली'नेही, भागत नाही. साल द्यावे लागते.

मराठीतून इंग्रजीत जाताना शब्द निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: अंतर आजपासून मोजले की दुसऱ्या घटनेपासून, आणि क्रिया एकदा झाली, नेहमी होत असे की अजून चालू आहे. ही उत्तरे मिळाली की 'अगो', 'बिफोर', 'यूज्ड टू' आणि 'सिन्स' आपापल्या जागी बसतात.