दोष कुणाचा?

कर्करोगाचा रुग्ण बरा होत आहे असे वाटत असतानाच रोग उलटतो, तेव्हा घरातील माणसे विचारू लागतात : चूक कुणाची झाली? पथ्यात हयगय झाली का? रुग्णाने धीर सोडला का? की आमची प्रार्थनाच अपुरी पडली? आजाऱ्याच्या उशाशी बसून आम्हीही मनातल्या मनात हाच प्रश्न विचारला आहे.

१९४४ साली डब्लिनच्या जोसेफ बिगर यांना दिसले की, पेनिसिलिनच्या माऱ्यातूनही मोजके जंतू वाचतात. पण त्यांची पुढची पिढी त्याच औषधाने मरते. २०१० साली बोस्टनच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत तसेच पाहिले. औषधाने बहुतेक पेशी मेल्या, हजारातल्या सुमारे तीन उरल्या. औषध थांबवल्यावर त्यांचे वंशज पुन्हा त्याच औषधाला बळी पडू लागले. जनुकांची अक्षरे तीच होती. ती वाचण्याची रीत तेवढी काही काळ बदलली होती. काही रुग्णांत तर उपचार चालू असताना हा कर्करोग आपली जातच पालटतो.

ही शक्ती पेशीला कुठून मिळते? मातेच्या उदरात एकाच पेशीपासून डोळा, हाड आणि हृदय घडते, ते अवस्था बदलण्याच्या शक्तीमुळेच. जखम भरताना कडेच्या पेशी स्थिर रूप सोडून पुढे सरकतात, तीही तिचीच किमया. वाईट हे स्वतंत्र तत्त्व नसून चांगल्याचा अभाव आहे, असे संत ऑगस्टीन यांनी मांडले. इथेही नवी दुष्ट शक्ती जन्मलेली नाही. चांगल्या देणगीचा ताळ सुटला आहे.

पेशीला हेतू नसतो. मग तिच्या पालटाचा दोष रुग्णाच्या माथी का मारावा? तंबाखूसारखी सवय कित्येकदा रोगाचे मूळ असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिच्याविषयी सांगण्याची वेळ रोगापूर्वीची; अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शुश्रूषाच हवी. 'तो लढाई हरला' असे म्हणताना, तो कमी लढला असेच आपण नकळत सुचवीत असतो.

जन्मांधाला पाहून शिष्यांनीही विचारले होते, पाप कुणाचे? प्रभूने दोषी दाखवला नाही. त्याने त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावला. डॉक्टर गाठीचा तुकडा पुन्हा तपासून नवे औषध शोधतात. आपण निदान न्यायाधीशाची खुर्ची सोडून रुग्णाच्या खाटेजवळ बसावे.