वशिला आणि साक्ष

नोकरीच्या शोधात असलेल्या मनुष्याने ओळखीच्या माणसांचे साहाय्य घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील पुष्कळ घरांत उपस्थित होत असतो. कित्येक सुशील तरुणांस अशी मदत मागण्याची लाज वाटते. जे मिळेल ते आपल्या गुणांवरच मिळावे, असे ते म्हणतात. दुसरे कित्येक असे आहेत की ज्यांस अर्ज नीट लिहिण्याचीही गरज भासत नाही, कारण मामा त्याच कचेरीत आहेत. पहिल्यांचा अभिमान व दुसऱ्यांची निश्चिंतता ही दोन्ही मला अविचाराची वाटतात. मात्र पहिल्यांविषयी मला अधिक ममता आहे.

१८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस मुंबईहून ठाण्यास आगगाडी आली व पुढल्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. तेव्हापासून ह्या भागातील मनुष्य रोजगारासाठी मुंबईकडे पाहत आला आहे, म्हणून मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण घेणे योग्य होईल. रत्नागिरीकडील वा घाटावरील मनुष्य तेथे आला तो क्वचितच निराधार आला. गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत तो उतरे, आणि त्यांपैकी कोणी त्यास गिरणीच्या दरवाजापाशी जॉबरापुढे उभे करी. ज्यास लिहिता-वाचता येत नव्हते, त्यास ह्याखेरीज दुसरे प्रशस्तिपत्र कोठून मिळावे? ती मोठी प्रेमाची सेवा होती. परंतु माणसे लावण्याचा व काढण्याचा अधिकार ज्या जॉबराच्या हाती असे, तो पुष्कळदा दस्तुरी घेतल्यावाचून काम देत नसे. १९३१ साली व्हिटली कमिशनने आपल्या अहवालात ह्या लाचेवर टीका करून हा अधिकार जॉबराकडून काढून घ्यावा अशी शिफारस केली, आणि १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांची रीतसर नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. खोलीतला गावकरी आणि दरवाजावरचा जॉबर, ह्या दोघांचेही साधन ओळख हेच होते. तेव्हा दोष ओळखीत नाही. तिचे काय केले जाते त्यात आहे.

अमेरिकेतील मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या समाजशास्त्रज्ञांनी बोस्टनजवळील न्यूटन येथील नोकरी बदललेल्या २८२ पुरुषांची माहिती गोळा करून १९७४ साली ग्रंथ लिहिला. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांस नोकरी ओळखीतून लागली होती. परंतु अशांपैकी सहांमागे सुमारे एकासच ती वार्ता नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली. बाकीच्यांस ती दूरच्या ओळखीतून आली. कारण उघड आहे. घरच्यांस ठाऊक असते ते आपल्यासही ठाऊक असते. डोंबिवलीहून एकाच डब्यातून रोज जाणारा, पण भलत्याच कचेरीत उतरणारा सोबती निराळी बातमी आणतो. त्यास जागा रिकामी आहे काय असे विचारणे ही भीक नव्हे, व त्यात कोणाचा अपमानही नाही.

बातमी सांगणे एक आणि शब्द टाकणे दुसरे. जो मनुष्य दुसऱ्यासाठी शब्द टाकतो तो साक्ष देत असतो. त्याने पाहिले तेवढेच सांगावे: हा वेळेवर येतो, हिशेब चोख ठेवतो, रागीट आहे पण खोटे बोलत नाही. तोच शब्द इतर उमेदवारांच्या देखत उच्चारण्यास त्याची जीभ अडखळली, तर ती साक्ष नव्हे, दडपण होय. पौलाने अनेसिमाविषयी फिलेमोनास पत्र लिहिले तेव्हा त्याचे काही देणे असल्यास ते आपल्या नावे मांडण्यास सांगितले. शिफारस करणाराने जोखीमही पत्करली पाहिजे.

येथे एक भेद विसरू नये. वागळे वसाहतीतील लहान कारखानदार आपल्या विश्वासू कारागिरास, तुझ्या पाहण्यात कोणी आहे काय, असे विचारतो, तो आपल्या मालकीच्या जागेविषयी विचारतो. सरकारी अथवा नगरपालिकेची जागा मात्र कोणा साहेबांच्या मालकीची नसते; संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने तेथे सर्व नागरिकांस समान संधी दिली आहे. तेथे गुपचूप टाकलेला शब्द हा कसाऱ्याच्या गाडीने कल्याणास उतरणाऱ्या, व जिचे तेथे कोणीही नाही, अशा शहापूरकडील मुलीच्या हातून घेतलेला घास आहे. तिने परीक्षेचा अभ्यास वर्षभर केला असेल. ती कोणाकडे तक्रारही करणार नाही, कारण काय घडले हे तिला कधी कळणारच नाही.

अलीकडे कित्येक कंपन्या, आपल्या नोकराने सुचविलेला उमेदवार घेतला गेल्यास त्या नोकरास बक्षीस देतात. ही जुनी दस्तुरी नव्हे. पैसे मालक देतो, गरजू उमेदवार देत नाही, व सर्व काही उघड असते. तरी बक्षिसाच्या आशेने अनोळखी मनुष्याचीही भलावण करण्याचा मोह होतो. अशाविषयी मला विचारणाऱ्या तरुणास मी एवढेच सांगतो, की नाव अवश्य कळवावे, परंतु आपली त्याच्याशी ओळख किती दिवसांची आहे तेही त्याच अर्जात लिहावे.