कच्चं लिंबू

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेबारा वाजता मी ८९ रुपये देऊन पाच जीव विकत घेतले. मोबाइलवरच्या एका खेळात रंगीत मणी जुळवायचे असतात. डाव हरला की एक जीव जातो. सगळे गेले की ताटकळायचे, नाहीतर पैसे मोजायचे. मी मोजले. सकाळी बँकेचा संदेश पाहून लाज वाटली, पण नेमकी कशाची, ते सांगता येईना. ८९ रुपयांत हल्ली दोघांचा धड चहा-नाश्ताही होत नाही. तेव्हा प्रश्न रकमेचा नव्हता.

माझी फसवणूक झाली, असे म्हणता येत नाही. किंमत समोर लिहिलेली होती, बोट माझेच होते. मग तक्रार कशाची? मला वाटते, ती सौद्याच्या अलीकडची आहे. नावाडी पैसे घेतो, तेव्हा नदी आधीपासून वाहत असते; ती त्याने खोदलेली नसते. इथे नदी खोदणारा आणि नाव चालवणारा एकच. ताटकळणे त्यानेच निर्माण करायचे आणि त्यातून सुटकाही त्यानेच विकायची. क्रमशः छापली जाणारी कादंबरीही वाचकाला ताटकळत ठेवते, हे खरे. पण पुढच्या अंकाची वाट सगळ्यांना सारखीच पाहावी लागते, आणि तिच्या शेवटी कादंबरी असते. माझ्या वाटेच्या शेवटी आणखी मणी होते.

२०१० साली इयन बोगोस्ट या अमेरिकी अभ्यासकाने फेसबुकवरच्या अशा खेळांची टर उडवण्यासाठी ‘काउ क्लिकर’ नावाचा खेळ तयार केला. गायीच्या चित्रावर क्लिक करायचे, सहा तास थांबायचे, पुन्हा क्लिक करायचे. थांबायचे नसेल तर पैसे द्यायचे. बस्स. थट्टा न कळता, किंवा कळूनही, हजारो लोक तो खेळू लागले. २०११ मध्ये बोगोस्टने गायी नाहीशा केल्या, तरी काही जण रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले. त्या लोकांना हसणे मला जमत नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. घरदार गमावलेल्या त्या माणसाला अखेरीस सल्ला मिळतो, तो फासे सोडून शेती करण्याचा. शेत हे फाशांच्या अगदी दुसऱ्या टोकाला: तिथे घाई चालत नाही आणि घाम चुकत नाही. २००९ मध्ये ‘फार्मव्हिल’ आले आणि शेतच खेळात ओढले गेले. पीक वेळेवर कापले नाही तर कोमेजायचे, म्हणून लोक ठरल्या वेळी संगणकापुढे हजर होत. कमी पडेल ते पैसे टाकून मिळे. ३१ डिसेंबर २०२० रोजी फेसबुकवरची ती शेते बंद झाली. त्यांच्या सातबाऱ्यावर खेळणाऱ्याचे नाव कधी नव्हतेच.

पण ८९ रुपयांहून मोठी किंमत मी वेगळ्या नाण्यात मोजली होती. पैसे द्यायचे नसतील तर खेळ दुसरा मार्ग दाखवतो: ओळखीच्या माणसांकडे जीव मागा. माझा मामेभाऊ आणि मी वर्षभर, जवळजवळ रोज, एकमेकांना जीव पाठवत होतो. त्यामुळे आमचा संपर्क आहे, असे मला मनापासून वाटे. मग एका लग्नात मामी म्हणाली, “अरे, दादाची बायपास झाली, तेव्हा तुझा साधा फोनसुद्धा आला नाही.” मी तारीख विचारली. त्या आठवड्यातही मी त्याच्याकडे जीव मागितले होते. आणि हॉस्पिटलच्या खाटेवरून त्याने ते पाठवले होते.

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट सांगतो. मी दादाला वापरतो आहे, हे मला कळलेही नव्हते. कारण ते वापरणे बाहेरून आपुलकीसारखेच दिसत होते. घरी आल्यावर फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, “तेव्हा बोलायचं त्राणच नव्हतं रे. तुझं मागणं आलं की बरं वाटायचं.”

या उत्तराने माझा निवाडा सोपा राहिला नाही. आजोळच्या अंगणात लपंडाव खेळताना मी सगळ्यांत लहान. दादाने मला कच्चं लिंबू केले होते. म्हणजे मी पकडला गेलो तरी राज्य माझ्यावर येत नसे. नियमातली ती सूट खेळणाऱ्यांनीच दिलेली होती. दुसरे कोणी ती देऊ शकत नव्हते, आणि तिची किंमत ठरवावी असे कोणाच्या मनातही आले नाही. मोबाइलवरचा खेळ विकतो ती हीच सूट. त्या रात्रीची माझी लाज बहुधा तिथली होती: जे मला कधीकाळी कोणीतरी प्रेमाने दिले होते, ते मी अनोळखी दुकानातून विकत आणले. आणि दादाने खाटेवरून जे पाठवले, ते मात्र त्या दुकानातून आले असले, तरी अंगणातलेच होते.

खेळ मी काढून टाकला. आता रविवारी दादाला फोन करतो. तब्येत, पाऊस, मामीचे गुडघे, एवढे झाले की दोघांनाही काही सुचत नाही. मग आम्ही थोडा वेळ तसेच थांबतो.