कुतूहलाची हद्द

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकी पत्रकार केटी कुरिक यांच्या टीव्ही कार्यक्रमात ट्रान्सजेंडर मॉडेल कार्मेन करेरा पाहुणी म्हणून आली होती. बोलता बोलता कुरिक लिंगबदल शस्त्रक्रियेवर आल्या आणि थेट गुप्तांगांपर्यंत पोचल्या. करेराने 'श्श' करून त्यांना तिथेच थांबवलं. ही खासगी बाब आहे, असं सांगून टाकलं. थोड्या वेळाने ट्रान्सजेंडर अभिनेत्री लॅव्हर्न कॉक्स आल्या, तेव्हा कुरिकनी तोच विषय पुन्हा काढला.

कॉक्स यांनी प्रश्नाचीच उलटतपासणी घेतली. सगळं लक्ष शरीराकडे गेलं की माणसाची वस्तू होते आणि भेदभाव, बेकारी, हिंसाचार नजरेआड राहतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आयलन नेटल्सचं नाव घेतलं. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात या तरुण ट्रान्स स्त्रीला जबर मारहाण झाली, त्यातच ती गेली.

मुलाखतीला होकार दिला म्हणजे कुठल्याही प्रश्नाला होकार दिला का?

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असं तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने १७८५ मध्ये मांडलं. आता मुलाखतकाराला पाहुण्याकडून मजकूर हवाच असतो. त्यात गैर काही नाही. पण पाहुण्याच्या नकाराला जागाच ठेवली नाही, तर मुलाखतीची झडती होते.

'लोकांना कळायला नको का?' हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. जरूर कळावं. पण शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरही देऊ शकतात. त्यासाठी समोरच्या पाहुण्याचं शरीर चर्चेला घेण्याचं कारण नाही. कुणी आपण होऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी. ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी 'मी हिजडा, मी लक्ष्मी' या मराठी आत्मकथनात आपलं आयुष्य स्वतःच मांडलं. काय सांगायचं, किती सांगायचं, हा निर्णय त्यांचा होता.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १५ एप्रिल २०१४ च्या 'नाल्सा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. ओळख मान्य करायला जो तपशील न्यायालयाला लागला नाही, तो मुलाखतकाराला कशाला हवा?

म्हणून मुलाखतीआधी विषय पाहुण्याला दाखवावेत. जुनं नाव, जुने फोटो, औषधोपचार यांबद्दल परवानगीशिवाय विचारू नये. आणि नकार मिळाला, तर तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा पुढे करू नये.